खालचा तंबू

थर्मासचं झाकण भरून चहा पुढे करत खालच्या तंबूतले आजोबा म्हणाले, "तुम्ही प्लंबर ना? जरा येऊन बघता का? आमच्याकडे पाणी कुठून शिरतंय, तेच कळत नाहीये."

प्लंबरने चहा घेतला. एकदा हातात घेतल्यावर नाही म्हणता येईना. पाऊस सकाळपासून पडत होता, आता दुपारचे तीन वाजले होते, आणि त्या उतरत्या मैदानावर खडखडीत कोरडा असा एकच तंबू उरला होता, तो त्याचा. हे त्याचं बायकोला तीनदा आणि मुलीला चारदा ऐकवून झालं होतं. तंबूभोवती त्याने वीतभर खोल चर खणला होता आणि खालच्या कोपऱ्यातून त्याला तोंड काढून दिलं होतं. पाणी यायचं, वळसा घालायचं आणि निमूट निघून जायचं. दहा वर्षांच्या मुलीनेही चार फावडी मारली होती. मारता मारता तिने विचारलं होतं, की बाबा, हे पाणी पुढे जाणार कुठे? जाईल कुठेतरी खाली, असं म्हणून तो हात धुऊन नाश्त्याला बसला होता.

आजोबांच्या मागोमाग तो छत्री घेऊन उतरला. जेमतेम वीस पावलं. मुलगीही रेनकोट चढवून निघाली. बाबांच्या कामाला मदतनीस म्हणून जायची तिला भारी हौस.

तंबूत आजी एका खुर्चीवर बसल्या होत्या आणि सुजलेला गुडघा दुसऱ्या खुर्चीवर ठेवला होता. आजोबांचा कोट त्यांच्या पायांवर होता. गादी उभी करून ठेवली होती, ती खालून ठिबकत होती. चपला तरंगत दारापर्यंत आल्या होत्या. उठता येत नाही म्हणून आजींनी आधी माफी मागितली, मग सांगितलं, की सकाळपर्यंत सगळं छान होतं. ऑपरेशनच्या आधी एकदा मोकळ्यावर राहायचं म्हणून सहा महिने ठरवून आली होती दोघं. आता गादी वाळायची लक्षणं नव्हती, तेव्हा संध्याकाळी गाशा गुंडाळायचा असं ठरत होतं.

प्लंबरला फार शोधावं लागलं नाही. तंबूच्या मागे गवतातून फावड्याच्या रुंदीचा एक मातकट ओघळ सरळ आत शिरत होता. तो कुठून येतोय हे बघायला त्याने मान वर केली नाही. मुलीने केली. तिने ओघळ बघितला, मग वर आपला तंबू बघितला, आणि मग बाबांकडे बघितलं.

कामावर त्याचा एक ठरलेला दम होता. खालच्यांच्या छताला ओल आली, की तो वरच्या मजल्याची बेल वाजवायचा आणि दार उघडणाऱ्याला विचारायचा, तुमचं पाणी यांच्या डोक्यावर गळतंय, तुम्हाला झोप कशी लागते? वरच्यांची तोंडं कशी पडतात, याची नक्कल तो घरी जेवताना करून दाखवायचा. ती मुलीची सगळ्यात आवडती नक्कल होती.

"जमीनच पाणथळ आहे, काका," तो म्हणाला. "जागा चुकली तुमची."

बोलून गेला आणि त्याचे कान तापले. आजोबा रागावले असते, त्यांनी वाद घातला असता, तरी बरं वाटलं असतं. पण ते आजींकडे वळले आणि खाली मान घालून म्हणाले, "तू म्हणत होतीस वर लावू या. मीच ऐकलं नाही."

"असू दे हो," आजी म्हणाल्या. "तुम्हाला काय माहीत."

प्लंबरला तिथे उभं राहवेना. काहीतरी काम दाखवावं म्हणून तो एका हाताने चपला उचलून कोरड्यात ठेवू लागला, पण कोरडं असं तिथे काही नव्हतंच. मुलीला काहीतरी सांगावं म्हणून वळला, तर मुलगी जागेवर नव्हती. कंटाळून गेली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. तेवढ्यात वरून बायकोची हाक आली, "अहो, लवकर या. आत पाणी यायला लागलंय."

त्याच्याआधी आजोबाच धावले. सत्तरीचा माणूस, अंगात कोट नाही, डोक्यावर छत्री नाही. धावता धावताच ते ओरडून सांगत होते, की घाबरू नका, सामान तेवढं वर उचला, आमच्या दोन खुर्च्या आहेत, त्या आणतो. चराच्या तोंडाशी मात्र ते थबकले. मुलगी तिथे घोटाभर चिखलात उभी होती आणि फावड्याने माती ओढून ते तोंड बुजवत होती. अडलेलं पाणी मागे फुगून तिच्याच तंबूच्या कडेवरून आत चाललं होतं.

"अगं बाळा," आजोबा म्हणाले, "चांगला खणलेला चर बुजवतेस कशाला?"

मुलीने फावडं थांबवलं नाही.

"बाबांना विचारा," ती म्हणाली.

आजोबा वळले. त्यांच्या चेहऱ्यावर अजून काळजीच होती. प्लंबर चढ चढून येत होता. छत्री खालीच राहिली होती. त्यांनी दिलेलं थर्मासचं झाकण त्याच्या हातात तसंच होतं. त्यातला चहा त्याने तोंडाला लावला नव्हता, आणि पावसाने ते आता काठोकाठ भरलं होतं.