डावीकडची कड

मागचं डावं चाक दगडाला घासलं तेव्हा जगदेवनं गाडी चटकन उजवीकडे घेतली. मागच्या सीटवर कांतीलाल सेठ बसले होते. दुकानासमोर गाडी थांबली, जगदेवनं उतरून दार उघडलं, तेव्हा ते सावकाश खाली उतरले आणि ॲम्बेसेडरच्या डाव्या अंगावरून तळवा फिरवत मागं गेले. मडगार्डवर हात थांबला.

"कड लागली."

"जी, सेठजी."

"तुह्यासारख्या जुन्या ड्रायव्हरले?"

जगदेव फडक्यानं मडगार्ड पुसू लागला. सेठांचं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलेलं. धोतराचं टोक दोन बोटांत धरून गिरणीचं नाव सांगणारा माणूस. त्या हातातून ओरखडा सुटणार थोडाच! रिसोडच्या बाजारात लोक म्हणत, कांतीलाल सेठांना फसवायचं तर दुसरा जन्म घ्यावा लागेल.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर बाजाराच्या गल्लीत नाली झाली आणि तिला घडीव दगडाची कड आली, तेव्हापासून जगदेवच्या मागं ही साडेसाती लागली होती. वळण अरुंद. मागचं चाक पुढच्याच्या मागोमाग येत नाही, आतून कापत येतं, हे तो ट्रकवर क्लिनर होता तेव्हाच शिकला होता. आधी उजवीकडे सरकायचं, गाडीचं नाक कोपऱ्यापुढं जाऊ द्यायचं आणि मगच स्टिअरिंग फिरवायचं. उभी करताना कडेपासून वीतभर अंतर राखायचं. विद्या सगळी शाबूत होती. कड तेवढी दिसत नव्हती.

डावा डोळा गेल्या उन्हाळ्यातच गेला होता. उजव्यापुढं धुकं दाटत चाललं होतं. त्यानं गुपचूप त्या दगडांना चुना फासला. लोक म्हणाले, जगदेवला गाडीची किती काळजी! काळजी होती ती पोटाची. शेत नव्हतं, भाऊबंद विचारत नव्हते, आणि आधीच्या ड्रायव्हरला, मोहनसिंगला, सेठांनी एका ओरखड्यावरून घरी बसवलं होतं. त्यातल्या त्यात एक बरं होतं. सेठ जैन धर्माचे पक्के, सूर्य बुडायच्या आत जेवणारे, म्हणून गाडी दिवेलागणीआधी घरी यायची. अंधारात चालवायची वेळ आली असती तर जगदेवचं बिंग केव्हाच फुटलं असतं.

त्या संध्याकाळी किल्ली परत घेताना सेठ हळूच म्हणाले, "उद्या अकोल्याले जाऊ. डोळ्याच्या डॉक्टरकडं. घरात कोणाले सांगू नको."

सेठांनी आपले डोळे ओळखले, असं जगदेवनं धरलं. आपली अब्रू झाकताहेत बिचारे, असंही त्याला वाटलं आणि त्यानं तो आणखीच खचला. घरी त्यानं ताट बाजूला सारलं. बायकोनं, मनकर्णाबाईनं, त्याच्याकडून सगळं काढून घेतलं आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"डॉक्टरनं सांगायच्या आधी तुमीच सांगून टाका," ती म्हणाली. "कबूल केलं का माणसाले दया येते. एखाद्या वेळी दुकानात ठेवतीन, कापडाचे गठ्ठे उचलाले."

गठ्ठे उचलायला या वयात कंबर कुठून आणायची, हे त्यानं तिला विचारलं नाही.

सकाळी निघाले. मालेगाव मागं पडलं, पातूरचा घाट आला. जगदेवनं गाडी एका एसटीच्या मागं लावली आणि तिचा लाल रंग धरून घाट उतरला. सेठ वाटभर गप्प होते. निकाल ठरल्यावर न्यायाधीश कशाला बोलेल, असं जगदेवनं स्वतःशीच म्हटलं.

दवाखान्यासमोर उंच कडेचा फूटपाथ होता. ही आपल्या हातून लागणारी शेवटची गाडी, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्यानं ती तसूतसूनं आत घेतली, श्वास रोखून, सगळा जीव कानात आणून. चाक घासलं नाही. त्याला रडू आलं. एवढी चांगली गाडी आपण बऱ्याच दिवसांत लावली नव्हती आणि आता ती कोणाच्या कामाची नव्हती.

सेठांनी उतरल्याबरोबर त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही. पोलीस चोराला नेतात तसं आपल्याला नेताहेत, असं वाटून जगदेव मान खाली घालून पायऱ्या चढला. दोघं डॉक्टरच्या खोलीबाहेर बाकावर बसले. हात तरीही खांद्यावरच.

आतला रोगी बाहेर आला तेव्हा जगदेवला राहवलं नाही. त्यानं हात जोडले आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. डावा डोळा गेल्याचं सांगितलं, उजव्याचं सांगितलं, चुन्याचं सांगितलं. रोज सेठांचा जीव धोक्यात घालत होतो, हेही सांगितलं.

"माफ करा, सेठजी. पण हाकलू नका. या वयात मी कुठी जाऊ?"

सेठांनी त्याचा खांदा आणखी घट्ट धरला.

"जगदेव," ते म्हणाले, "मी तं माहे डोळे दाखवाले आलो. मले आता काहीच दिसत नाही. आपल्याले घरी कोण नेईन?"