शेवटचा हात

स्टुडिओतल्या सोफ्यावर बसून वहिनींनी आवाजाची दांडी बोटभर वर सरकवली. पडद्यावरचा आकडा जागचा हलला नाही.

त्यांनी ती खाली आणली. आकडा तोच. मग त्यांनी स्वतः गायलेल्या गाण्याची तीच ओळ भावजींना पुन्हा लावायला सांगितली, दांडी पार टोकाला नेली आणि पडद्याकडे बघत राहिल्या. वहिनी शाळेत गणित शिकवतात. शेजारशेजारच्या दोन पेपरांत सारखंच चुकलेलं उत्तर सापडलं की त्या जशा थांबतात, तशा थांबल्या.

"भावजी, हे मीटर बिघडलंय का?"

स्टुडिओ भावजींचा. मीटर त्यांनीच आठवड्यापूर्वी कॉम्प्युटरवर घेतलं होतं. गाण्याचा आवाज एकूण किती मोठा, अगदी हळू जागेपासून अगदी मोठ्या जागेपर्यंत त्यात चढउतार किती, गाणाऱ्याचा आवाज त्यात कुठे, हे सगळं ते आकड्यांत दाखवायचं. मिक्सिंगला, म्हणजे गाण्यातले आवाज जुळवायला, आलेले लोक सोफ्यावर बसून "अजून वाढवा, अजून वाढवा" म्हणत डोकं खायचे. त्यांची तोंडं बंद करायला भावजींनी ते सोफ्यासमोरच्या मोठ्या पडद्यावर लावलं, आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. कारण सोफ्याजवळची, आवाज कमीजास्त करायची ती दांडी कशालाच जोडलेली नव्हती.

ही या धंद्यातली जुनी युक्ती. आलेल्या माणसाचे हात शिवशिवतात, तो कामात लुडबुड करतो. त्याच्या हाताशी एक रिकामी दांडी द्यावी. तो ती वरखाली करतो, "हं, आता जमलं," म्हणतो, आणि आपण केलेलं आहे तसंच राहतं. साप मरतो, काठीही तुटत नाही. परक्या लोकांना ही टोपी घालताना भावजींना कधी काही वाटलं नव्हतं. पण वहिनी बारा वर्षांत दुसऱ्या कुठल्या स्टुडिओची पायरी चढल्या नव्हत्या.

मीटर बिघडलंय म्हणणं सोपं होतं. शब्द जिभेवर आलेही होते.

"मीटर ठीक आहे," ते म्हणाले. "दांडीच जोडलेली नाही, वहिनी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

वहिनींनी दांडीवरचं बोट काढलं नाही. त्या जरा वेळ त्या बोटाकडेच बघत होत्या.

"अकरा गाणी झाली," त्या म्हणाल्या. "दर वेळी घरी जाऊन ह्यांना सांगायचे, शेवटचा हात माझा असतो म्हणून."

आवाज नेहमीचाच होता. भावजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या चिडल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर बरं झालं असतं.

"जोडा," वहिनी म्हणाल्या.

दोन क्लिकचं काम. भावजींनी ते केलं. वहिनी पडद्याकडे पाठ करून बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. गाणं पहिल्यापासून सुरू झालं. भावजी आकड्यांवर नजर ठेवून होते. काही बिघडलंच तर पूर्ववत करायला कितीसा वेळ लागतो, असं त्यांनी मनातल्या मनात म्हणूनही घेतलं.

दोन ओळी वहिनींचा हात हलला नाही. तिसरी ओळ गाण्यात सगळ्यात हळू होती. ती भावजींनी आवाज वाढवून बाकीच्या ओळींच्या बरोबरीला आणली होती. रस्त्यात मोबाइलवर ऐकणाऱ्याला शब्द कळायला नकोत का? वहिनींनी तिथे दांडी खाली घेतली. अजून खाली घेतली. ओळ स्वतःशीच बोलल्यासारखी झाली. चढउताराचा आकडा चारावरून सातावर गेला. भावजी तोंड उघडणार, एवढ्यात चौथी ओळ आली आणि वहिनींनी दांडी सावकाश मूळ जागी आणून ठेवली. आवाज काही मोठा झाला नव्हता, पहिल्याइतकाच होता, मीटर तसं सांगतही होतं. तरी भावजींच्या अंगावर काटा आला.

त्यांनी ते पुन्हा लावून ऐकलं. या वेळी मीटरकडे बघितलं नाही. आणि मग त्यांना आठवलं, अकराही गाण्यांत वहिनींचा हात अशाच जागी खाली गेला होता. त्यांनी तो शेजारी बसून बघितला होता. गालातल्या गालात हसलेही होते.

"हे असंच ठेवतो," ते म्हणाले.

"ठेवा."

भावजींनी गाणं सेव्ह केलं. वहिनी उठल्या, पर्स उघडून चष्म्याचं घर शोधायला लागल्या.

"आधीची अकराही काढतो," भावजी घाईघाईने म्हणाले. "सगळ्या फाइली आहेत माझ्याकडे. तुम्ही फक्त इथे बसायचं, हात तुमचा. आठवड्याभरात नव्याने करून टाकू."

वहिनींनी चष्मा पुसला आणि घरात ठेवला.

"नको," त्या म्हणाल्या. "लोकांच्या कानात ती तशीच बसलीत. आणि ऐकून ऐकून, भावजी, आता मीही ती तशीच गाते."