घट्ट झाकणाचं पिंप

“रविवारी मी पुन्हा वर येईन. वास आला, तर पिंप, कुंड्या, सगळं गच्चीवरून खाली,” इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले.

घड्याळजींनी मान डोलावली. त्यांचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून चिमट्याने बारीक चाकं बसवलेला माणूस. पहिलं बी त्यांनी इतकं खोल पेरलं की ते वर आलंच नाही. पुढच्या खेपेला पाणी इतकं घातलं की मुळं कुजली. आता कुठे कुंड्या हिरव्या दिसू लागल्या होत्या, तेवढ्यात खालच्या मजल्यावरून खताच्या पिंपाबद्दल तक्रार गेली.

“पण तुम्ही लावलंय तरी काय?” सेक्रेटरी वाकून बघत म्हणाले. “पुदिना, कोथिंबीर, लसूण, ओवा. वांगी नाहीत, भेंडी नाही. पोट कशानं भरणार?”

“नवशिक्याला जमेल तेवढं.”

“मग दुकानातलं खत आणा. मूठभर टाकायचं, मोकळं व्हायचं. ही सालपटं कुजवायची हौस कशाला?”

“औषध नको, तयार खत नको. पान जसं असतं तसंच हवंय मला.”

घड्याळजींची बायको पाण्याचा डबा घेऊन वर आली होती. “भावजी, उगाच का ओरडताय त्यांना? मी रोज येते इथे. मला तर कधी कसला वास आला नाही.”

“वहिनी, तुम्ही नवऱ्याची बाजू घेणारच.”

“घेणारच. दुसरं कोण घेतंय?”

सेक्रेटरी हसत खाली गेले. घड्याळजी हसले नाहीत.

त्यांची बायको गेल्या वर्षीपर्यंत बेकरीत पाव भाजायची. मोठा ताप येऊन गेला, ती उठली, हिंडू-फिरू लागली, पण कामावर परतली नव्हती. मालकीणबाई फोन करायच्या, “भट्टी वाट बघतेय तुझी.” ती म्हणायची, “बघू दे. अजून नाही.” घरी कधी पाव केलाच, तर ओव्हनसमोर नवऱ्याचं एखादं घड्याळ मांडून बसायची. एका दुपारी ती स्वयंपाकघरात लसूण सोलत होती, आणि शेजारच्या शेगडीवर दूध आटून पातेलं काळं झालं. घड्याळजी बाहेरून धावत आले.

“लक्ष कुठे होतं तुझं?”

“इथेच,” ती म्हणाली, आणि लसूण सोलत राहिली.

त्याच आठवड्यात घड्याळजींनी पहिली कुंडी आणली होती.

संध्याकाळी गच्चीवर त्यांचा एक खेळ चालायचा. ती डोळे मिटायची. ते पान खुडून, चुरडून तिच्यासमोर धरायचे.

“ओळख.”

“पुदिना.”

“खरंच?” त्यांचा आवाज चढला.

“पुदिना त्या कोपऱ्यात आहे. तुमच्या चपला तिकडूनच वाजल्या.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या कुंड्यांच्या जागा बदलल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते अनवाणी आले. तिने पुदिन्याला ओवा म्हटलं आणि ओव्याला कोथिंबीर.

“गेली बाग तर गेली,” ती म्हणाली. “भाजी काय, बाजारात मिळते.”

“ती शिळी असते. मला खुडल्याबरोबर हवी.”

“किती दिवस करणार हे असं?”

“जमेपर्यंत.”

बाग टिकायची, तर पिंपाचा बंदोबस्त करणं भाग होतं. घड्याळजींनी तो आपल्या धंद्याच्या रीतीने केला. पाणी शिरू नये म्हणून घड्याळाचं मागचं झाकण बसवतात, तसं त्यांनी पिंपाचं झाकण बसवलं. आत रबराचं कडं घातलं, भोवती स्क्रू आवळले. कुजणाऱ्या सालींना हवा लागते, त्यात वाळका पाला मिसळावा लागतो, हे बियाणंवाल्याने बजावलं होतं. पण तक्रारीच्या धास्तीने ते डोक्यातून पार निघून गेलं.

वास मात्र थांबला. खालच्या मजल्यावरून कुणी काही बोलेना. कोथिंबीर दाट वाढली.

रविवारी सेक्रेटरी आले. पिंपाभोवती फिरले, हुंगून पाहिलं.

“शाबास! मानलं तुम्हाला. आत काय झालंय बघू तरी.”

घड्याळजींनी अभिमानाने स्क्रू सोडवले. शेवटचा सुटला आणि झाकण आपोआप फुस्सकन वर उचललं गेलं.

कठड्यावरची कबुतरं उडून गेली. सेक्रेटरी मागच्या मागे सरकत पाण्याच्या टाकीला जाऊन टेकले.

“हे खत आहे की सूड?” त्यांना बोलवत नव्हतं. “उद्या सगळं खाली!”

“चुकलं माझं. आत हवाच गेली नाही. पुन्हा करतो, पहिल्यापासून.”

“पुन्हा? एका पानासाठी एवढा जीव टाकणारा माणूस बघितला नाही मी!”

जिन्यात पावलं वाजली. ती चहाचा ट्रे घेऊन वर येत होती.

“या वहिनी! आता सांगा,” सेक्रेटरी नाक दाबून ओरडले. “म्हणा, काही वास नाही!”

ती वरच्या पायरीवर थबकली. हातातला ट्रे कलला, कप घरंगळले. कपाळाला आठ्या पडल्या.

“शी! काय घाण सुटलीय ही! अहो, ते झाकण लावा आधी!”

“ऐका! घरचाच साक्षीदार फुटला!”

घड्याळजींनी झाकण उचललं आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला भिरकावून दिलं. आजारातून उठल्यापासून तिने पहिल्यांदाच नाकाला रुमाल लावला होता.