देवाचा उजवा

मंजुनाथ मिस्त्रीनं फ्यूज बघितला. शाबूत होता. मग डॅशबोर्डचा कप्पा उतरवून त्यानं एसीचा वारा सोडणाऱ्या ब्लोअरच्या मोटरला बॅटरीवरून थेट करंट दिला. मोटर कण्हली, फिरली नाही.

गॅरेजच्या सावलीत शिवबाई स्टुलावर जप करत होत्या. सून, उत्कर्षा, स्टेअरिंगवर बसली होती.

"हिनं हात लावल्यापासनं गाडी कुरकुरतीय," शिवबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा कधी चढत नसे. "दोष हिचा न्हाय निघाला, तर उद्या खुशाल जाऊ दे की करमाळ्याला. निघाला, तर हिला गाडी बंद."

करमाळ्याला उत्कर्षाचे वडील अंथरुणाला खिळले होते. एसटीत बसण्यासारखे राहिले नव्हते. उद्या त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात आणायचं होतं.

मंजुनाथनं मोटर काढून उपडी केली. हळदीचे तांदूळ सांडले, मागोमाग वाळका बेल.

"वैनी, मोटर चांगली हाय. बाहेरनं, पुढच्या काचंखालच्या जाळीतनं हे आत पडलंय. गाडीवर अक्षता कोण वाहतंय?"

दर सोमवारी उपाशीपोटी कोण वाहतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. उत्कर्षानं नुसतं सासूबाईंकडं बघितलं.

माळ थांबली.

"म्हंजे दोष देवाचा?" शिवबाई हसल्या. "बसव मोटर. कौल लावू. उजवा आला तर जा बाई, माझी ना न्हाय."

मोटर बसली. शिवबाई येऊन उत्कर्षाच्या डाव्या हाताला बसल्या. डॅशबोर्डवर सिद्धेश्वराची चांदीची लहान मूर्ती होती, गाडीत बसलेल्यांकडं तोंड करून. तिच्या माथ्यावर त्यांनी बेलाचं ओलं पान चिकटवलं. मग आपल्यापुढची वाऱ्याची जाळी बोटानं हळूच मूर्तीकडं वळवली.

"लाव."

वारा भरारा सुटला. पान थरथरलं, सुटलं आणि उत्कर्षाच्या मांडीवर येऊन पडलं. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं. डोळे भरून आले.

"उजवीकडं आलं की, आत्या!"

"आपला उजवा न्हवं गं. देवाचा बघायचा असतो. त्याचं तोंड आपल्याकडं हाय न्हवं का?"

उत्कर्षाच्या ओंजळीतलं पान वाऱ्यानं हलत राहिलं.

"घरी गेलं की किल्ली देवापुढं ठीव," शिवबाई म्हणाल्या. जाळी त्यांनी स्वतःच्या तोंडावर घेतली, डोळे मिटले आणि पुढचा मणी ओढला.