रॉकेलचा वास

मृदुलाने ग्लास नाकाशी नेला. बाळंतपणानंतरच्या तापात तिला वास येणंच बंद झालं होतं. लेक चार महिन्यांची झाली, पण तिच्या टाळूचा वास कसा असतो हे आईलाच ठाऊक नव्हतं. दूध नासलंय का, तेसुद्धा सासूबाईंकडून हुंगून घ्यावं लागे. आणि नाशिकजवळच्या या वायनरीत तिचं काम काय, तर वाइन चाखायचं. ते टिकणार का, आज ठरणार होतं.

समोर जर्मनीतल्या थंड डोंगरउतारावरची, पंधरा वर्षं मुरलेली, अजिबात गोड नसलेली पांढरी वाइन होती. तिने घोट तोंडात घोळवला आणि बाळ अंगावर पितं म्हणून जपून थुंकून टाकला.

"काय येतंय?" तिची परीक्षा घेणाऱ्या पिंगळे सरांनी विचारलं.

ती चाचरली. "सर... रॉकेल."

"स्टोव्ह पेटवायचाय का मॅडम?" शेजारचा सहकारी म्हणाला.

सर हसले नाहीत. "ही वाइन इतकी मुरली की असाच वास येतो. नाक ताळ्यावर आलं तुमचं. उद्यापासून या कामावर."

तोवर ती सासूबाईंना फोन लावत दाराबाहेर पोचली होती.

"आई, मालिशवाल्या मावशींना थांबवा. मी येईपर्यंत बाळाला आंघोळ घालू नका."