पश्चात्तापाची खूण

चर्चच्या नोंदवहीत आईच्या नावापुढे शाईची एक आडवी रेघ होती. जेमतेम तीन सेंटिमीटर, पट्टी धरून मारलेली. रेघेच्या टोकाला बारीक अक्षरात तारीख होती, चौदा नोव्हेंबर १९९१. इर्मट्राउडने चष्मा पुसला आणि ती पुन्हा वाचली. पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला पहिल्याच वाचनावर विसंबायची सवय नव्हती.

"म्हणजे काय, फादर?"

"त्या दिवशी तुमच्या आईंनी कोर्टात जाऊन चर्च सोडल्याचं लिहून दिलंय." फादर शिजो अवघडून बोलत होते. गावाला आता जर्मन पाद्री मिळत नव्हता. केरळहून येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. "पगारातून कापला जाणारा चर्चचा कर वाचवायला तेव्हा पुष्कळांनी सोडलं म्हणतात. माझ्या आधीचे फादर बहुधा गप्प बसले. मी उद्याच्या दफनाची नोंद करायला आज वही उघडली, तेव्हा दिसलं."

आई दर रविवारी पहिल्या बाकावर बसायची. शेजारी इर्मट्राउड. सतराव्या वर्षापासून तिचा देवावर काडीचाही विश्वास नव्हता. पण आईला धक्का बसेल म्हणून ती गुडघे टेकत आली, ओठ हलवत आली. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता बासष्ट वर्षांची झाली.

आणि डेटलेफ. पूर्व जर्मनीतल्या माग्डेबुर्गचा, बर्लिनची भिंत पडल्यावर इकडे नोकरीला आलेला. तिकडच्या बहुतेकांसारखाच बाप्तिस्मा न झालेला. १९९२च्या ईस्टरला तिने त्याला घरी जेवायला आणलं. आईने त्याच्या पुढ्यातली बशी उचलली.

"हा मेला की कुत्र्यासारखा पुरतील याला. ना घंटा, ना प्रार्थना. असल्याशी संसार थाटायचाय तुला? मग मला आई म्हणू नकोस."

"मेल्यावर मला घंटा कुठे ऐकू येणारे, बाई?" डेटलेफ हसून म्हणाला आणि इर्मट्राउडकडे बघत राहिला. तो बघत होता तोवर तिने काहीतरी बोलायला हवं होतं. पानं गळायच्या आत तो माग्डेबुर्गला परत गेला.

नोव्हेंबर ते ईस्टर. पाच महिने. तिने पुन्हा मोजले. पाचच.

"चर्च सोडलेल्यांना चर्चचं दफन मिळत नाही. पण यातून वाट आहे," फादर म्हणाले. "शेवटी त्यांनी पश्चात्तापाची काही खूण दाखवली असेल, तर मला चर्चचं दफन देता येतं. पाद्र्याला बोलवा म्हणाल्या, क्रूस मागितला, एवढंही चालतं. जवळ तुम्हीच होतात. मी पुरावा मागणार नाही. तुमचा शब्द पुरे. नाहीतर मग..." त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. उद्या अकराला सगळं गाव जमणार होतं.

मंगळवारी दुपारी आईने तिचं मनगट धरलं होतं. त्या काटकुळ्या बोटांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "फादरना बोलाव. आत्ता. मला एक कबूल करायचंय. घंटेविना नको गं पुरूस मला." तापात बरळतेय, असं इर्मट्राउडला वाटलं. "उद्या बोलावते हं," म्हणत तिने उशी सारखी केली. संध्याकाळी आई गेली. तोवर तिची नजर दारावरून हलली नव्हती.

फादरांनी पेनचं टोपण काढून ठेवलं होतं. "काही बोलल्या का हो त्या? नीट आठवून बघा. घाई नाही."

बाहेर कुणीतरी उद्यासाठी पायऱ्या झाडत होतं. इर्मट्राउडने वही मिटून त्यांच्याकडे सरकवली.

"नाही, फादर," ती म्हणाली. "आई शेवटपर्यंत शुद्धीत होती. तिने कुणालाही बोलावलं नाही."