कुंपणापलीकडचे कोंब

"काढून टाक ते कंद. मेलेत सगळे," नवरा म्हणाला. महाबळेश्वरच्या थंडीत दव गोठून जांभळीच्या सावलीतला मृणालिनीचा बेगोनिया काळा पडून आडवा झाला होता. तिने ऐकलं नाही. मातीवर पालापाचोळा पांघरला.

वैशाख सरला तरी कोंब दिसेना. एका सकाळी कुंपणापलीकडून थोरल्या जाऊबाईंनी हाक मारली, हद्दीवरून भांडण झाल्यानंतर पहिल्यांदाच.

"अगं, तुझा बेगोनिया माझ्या अळवात उगवलाय!"

बेगोनियाच्या पानांच्या बेचक्यांत धरलेले बारीक कंद गेल्या वर्षी परतीच्या पावसात उताराने वाहून गेले होते. मृणालिनी ओशाळली. "उपटून नेते, ताई."

"हात तर लावून बघ!" जाऊबाई हसल्या. "आत ये, चहा टाकते."

मृणालिनीला फाटकापर्यंतही धीर धरवेना. साडी सावरत ती तारेखालूनच पलीकडे गेली.